उचल, कोयता आणि कडक कायदा

संपादक महोदय,

ऊसतोड कामगारांच्या मुलींची लग्नं थांबवण्यासाठी 'कायदा कडक करा, आईबापांना आत टाका' असं सुचवणारं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी शिरूर कासार तालुक्यात बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहेच, आणि मी तो वापरूनही पाहिला आहे.

माझ्या वर्गात सातवीला एक मुलगी होती. बापानं पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेले, दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळी निघणार. मी म्हटलं, पोरीला हंगामी वसतिगृहात ठेवा. आमच्याकडे वसतिगृह म्हणजे शाळेत दोन वेळचं जेवण, झोपायला आजीचं घर. आजीला संध्याकाळनंतर दिसत नाही. आई म्हणाली, "बाई, जेवायचं तुम्ही बघताल, रातचं कोण बघंल?" मी गप्प बसले. पोर आईबापांबरोबर फडावर, ऊस तोडायच्या शेतांकडे गेली. तिथल्या शाळेनं तिला शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) घेतलंही असतं, पण आईबाप पहाटे चारला फडात. कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, तान्ह्या भावाला टाकून ती शाळेत जाणार कशी?

पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मी १०९८ वर, मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन केला. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. ते आले, लग्न मोडलं. मला बरं वाटलं. फेब्रुवारीत तेच लग्न फडावर लागलं. त्या गावच्या ग्रामसेवकाला ही माणसं कुठली, हेही ठाऊक नसणार. सासऱ्याचा हिशेब सरळ होता: ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, सून आली की पूर्ण, आणि उचलही पूर्ण कोयत्याची.

मग उचलच बंद करा, असंही कुणी म्हणेल. आमच्याकडे दवाखाना, बियाणं, किराणा त्याच पैशावर चालतो. हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारं यंत्र, आल्यावर कोयताच लागणार नाही म्हणतात. तेव्हा कोयतेवाल्यांनी काय खायचं, ते कुणी सांगत नाही. मुलींसाठी मुक्कामाची सोय आणि रात्री थांबणारी बाई, एवढं झालं तर निदान त्या आईला उत्तर देता येईल. तान्ह्या भावाचं काय, ते मलाही सुचलेलं नाही.

फोन केला त्याचा पस्तावा नाही, पुन्हाही करीन. चैत्रात ती मुलगी शाळेत आली होती, दाखला न्यायला. सासरच्या रेशनकार्डात नाव चढवायचं होतं. जन्मतारीख मी माझ्या हातानं लिहून दिली.

— एक निवृत्त शिक्षिका, जि. बीड