राखेवरचा वाळा माठात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औष्णिक वीज केंद्रांच्या राखेवर वाळा लावा, तो राखेतलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ओढून घेतो, रसायनांची गरज नाही, असं हल्ली बरंच ऐकू येतं. मी कोराडी रस्त्याला बावीस वर्षं रोपवाटिका चालवते. वाळ्याचे ठोंब विकते. ही मागणी वाढली तर फायदा माझाच आहे, तरी लिहिते.

वाळा राखेवर जगतो, हे खरं. राखेत नत्र नसल्यातच जमा. नाजूक रोपं महिनाभरात माना टाकतात. वाळ्याच्या ठोंबाबरोबर खड्ड्यात दोन ओंजळी शेणखत घातलं की तो तग धरतो. मुळं सरळ खाली उतरतात, राख धरून ठेवतात, उन्हाळ्यात धूळ कमी उडते. १६ जुलै २०२२ ला कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हापासून राख जागच्या जागी राहणं म्हणजे काय, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही.

पण धातू कुजत नाही की जळून जात नाही. वाळा तो पात्यांत कमी आणि मुळांत जास्त साठवतो. आणि आपण वाळ्याचं वापरतो काय? मुळंच! कूलरच्या ताट्यांना, माठातल्या पाण्याला.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात एक जण वाळ्याच्या जुड्या घेऊन दारात आला. भाव निम्मा. मी एक जुडी वर्तमानपत्रावर झटकली, तर मऊ करडी भुकटी पडली. माती अशी पडत नाही. विचारलं तर म्हणाला, "राखेवरचा आहे बाई, तिथं कोण अडवतं?" वास मात्र अस्सल. माठात टाकणाऱ्याला काय कळणार?

माझी भाची रसायनशास्त्र शिकते. ती सांगते, लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल राखेतले काही धातू विरघळवून बाहेर काढतं. अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची एक बुरशीसुद्धा हे आम्ल तयार करते. उत्तम. पण मग धातू उतरलेलं ते पाणी ओतायचं कुठे, कोलार नदीत? (राखेवर बांबू लावला, तर त्याचंही विचारून ठेवते. पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी खाणारे लोक आहोत आपण.)

म्हणून एवढंच मागणं आहे. राखेवरच्या लागवडीच्या निविदेत ठोंबांची संख्या असते, तशी मुळांची जबाबदारीही लिहा. मुळं उपटायची नाहीत, तिथेच राहू द्यायची. कुंपण आणि मराठीत पाटी लावा. कधी काढावीच लागली तर आधी प्रयोगशाळेत तपासणी करा, मग घातक कचऱ्याचे नियम लागतात का ते बघा.

ती झटकलेली जुडी मी विकत घेतली, दुसऱ्या कुणाच्या माठात जाऊ नये म्हणून. खताच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे. उकिरड्यावर टाकली तर खतात येईल, जाळली तर पुन्हा राखच.

आपली,
एक रोपवाटिकाचालक, ता. कामठी, जि. नागपूर