चाचणीच्या चित्रांत आपली अक्षरेही हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या दप्तरांच्या स्कॅनिंगविषयी आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. किती पाने झाली आणि किती उरली हे त्यात होते. झालेली पाने नीट उतरली की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवते ते मात्र नव्हते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इमेज प्रोसेसिंग शिकवते, म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवर आलेला कागद मला दाखवला. पणजोबांच्या वेळचे वाटणीपत्र. कुठल्याशा केंद्रावर ते स्कॅन झाले होते, फाइल लहान व्हावी म्हणून आणखी दाबले गेले होते आणि मग चार फोनांतून फिरून आले होते. त्यात ‘विहिरीवर मुलाचा हक्क राहील’ असे वाचता येत होते. घरात त्यावरून चांगलीच बोलाचाली झाली. शेवटी आजीने ट्रंकेच्या तळातून मूळ कागद काढला. त्यावर ‘मुलांचा’ होते. शाई तपकिरी पडलेली, घडीवर कागद विरलेला, पण ‘ला’वरचा ठिपका शाबूत होता.

तो स्कॅनमधून कुठे गेला, याचे उत्तर अवघड नाही. जेपेग या चित्र दाबण्याच्या नेहमीच्या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे, म्हणजे चित्राच्या सर्वात लहान ठिपक्यांचे, चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांचे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाच्या गणिती रीतीने वेगळे ६४ आकडे होतात. त्यातले काही चौकोनातली मोठी, सावकाश बदलणारी छटा सांगतात, तर काही बारीक आणि झटकन होणारे बदल. फाइल लहान करायची तर या दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांना कात्री लागते. (हे गणित १९७४ साली ज्या तिघांनी मांडले त्यांतले नासिर अहमद बंगळूरचे, हे मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगते.) गालावरची किंवा आभाळातली छटा या काटछाटीत छान टिकते. शिरोरेषेच्या डोक्यावर एकटा बसलेला फिकट ठिपका टिकत नाही, शेजारच्या जाड रेषेच्या धुरकट कडेत तो विरून जातो.

मला जास्त टोचले ते पुढचे. चित्र किती चांगले उतरले हे मोजायला आम्ही पीएसएनआर नावाचे माप शिकवतो. मूळ आणि दाबलेल्या चित्रातला फरक पिक्सेलगणिक काढायचा, त्याच्या वर्गाची सरासरी घ्यायची आणि उत्तर डेसिबलमध्ये सांगायचे. आकडा ४०च्या वर गेला की चित्र उत्तम. त्याच विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत बसून हिशेब केला. ५१२ बाय ५१२च्या चित्रात २,६२,१४४ पिक्सेल. त्यातला तीन बाय तीनचा एक काळा अनुस्वार, म्हणजे ९ पिक्सेल, पुसून पांढरे केले आणि बाकी चित्राला हातही लावला नाही. पीएसएनआर आला ४४.६ डेसिबल. माप म्हणते चित्र उत्तम आहे, आणि विहिरीवरचा एक वारस सोडून बाकीच्यांचा हक्क गेलेला आहे.

हे माप आणि या पद्धती ज्या चित्रांवर पारखल्या गेल्या, ती चित्रे कोणती हे वाचकांना कळले पाहिजे. त्यातले सर्वात प्रसिद्ध चित्र ‘लेना’चे. १९७३च्या उन्हाळ्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले अलेक्झांडर साउचुक आणि त्यांचे सहकारी परिषदेच्या लेखासाठी एखादे नवे, गुळगुळीत कागदावरचे, माणसाचा चेहरा असलेले चित्र शोधत होते. तेवढ्यात कोणीतरी ‘प्लेबॉय’ या नग्नचित्रांच्या अमेरिकी मासिकाचा नोव्हेंबर १९७२चा अंक घेऊन आले. मधल्या पानावरच्या स्वीडिश तरुणीच्या छायाचित्राचा वरचा तिसरा हिस्सा त्यांनी स्कॅनरच्या ड्रमला गुंडाळला. इंचाला १०० रेषा, ५.१२ इंच, म्हणून ५१२ बाय ५१२. पुढची पन्नास वर्षे जगभर हाच चौकोन फिरला. टोपीवरची पिसे, उघडा गुळगुळीत खांदा, मागची धूसर पार्श्वभूमी: पारखायला बरेच काही आहे, नाही ते एकही अक्षर.

मीही हे चित्र कित्येक वर्षे वापरले. ‘मॅडम, हा फोटो कुठला?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले आणि खरे उत्तर देताना मला तिच्या डोळ्यांत पाहवले नाही. त्या दिवसापासून ते बंद केले. चित्रातल्या लेना फोर्सेन यांनी स्वतःच आता हे चित्र थांबावे अशी इच्छा बोलून दाखवली आहे, आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १ एप्रिल २०२४पासून नव्या लेखांत ते घेणे बंद केले. माझ्या पाहण्यातल्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांत मात्र ते अजून आहे.

पण एक चित्र काढून तिथे चाचणीसाठी वापरले जाणारे दुसरे, पोपटाचे किंवा दीपगृहाचे, लावले म्हणजे काम झाले, असे मला वाटत नाही. फॅक्सचे उदाहरण पाहा. फोनच्या तारेवरून कागदाची नक्कल पाठवणाऱ्या यंत्रांचे ‘ग्रुप ३’ हे मानक १९८० साली आले. त्यासाठी आठ नमुना पाने ठरलेली होती. त्यांत टंकलेखित इंग्रजी पत्र, फ्रेंच मजकूर, विद्युत मंडलाची आकृती, हाताने लिहिलेली टिपणी आणि जपानी लिपीचे एक गच्च पान. या पानांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या किती लांबीच्या आणि किती वेळा येतात ते मोजून फॅक्सची संकेतसारणी, म्हणजे कोणत्या पट्टीसाठी किती लहान खूण पाठवायची त्याचा तक्ता, बेतली गेली. म्हणजे नमुन्याचे पान नुसती परीक्षा घेत नाही, पद्धत त्याच्याच मापाने शिवली जाते. जपानी पान त्यात होते. देवनागरीचे नव्हते.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आणि पुराभिलेख विभागाला माझी विनंती आहे की मराठी नमुना-चित्रांचा एक खुला संच करावा. त्यात मोडीचे पान हवे, आधी आखलेल्या लांब शिरोरेषेला लोंबणाऱ्या अक्षरांचे. खिळ्यांच्या छपाईचे, शाई फुटलेले पान हवे. फेरफाराच्या नोंदवहीतले पान हवे, कारण त्यातले १ आणि ९ फिकट शाईत एकमेकांसारखे दिसू लागतात. पैठणीचा काठ हवा. भर दुपारच्या उन्हातले सावळे चेहरे हवेत, आणि त्या प्रत्येक माणसाची लेखी संमती हवी. डेसिबल खुशाल मोजावेत, पण सोबत ते पान एखाद्या जाणकाराकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि अनुस्वार, रफार, नुक्ते किती हरवले ते आकड्यात नोंदवावे. तोवर स्कॅन झाले म्हणून मूळ कागद कोणीही टाकून देऊ नये.

आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतःपुरती सुरुवात केली आहे. त्या विद्यार्थ्याच्या घरच्यांनी नावे झाकून वाटणीपत्र वापरू दिले आणि तेच आमचे पहिले चित्र आहे. कोणा वाचकाकडे असे जुने पान असेल तर त्याचा स्कॅन त्यांनी आपल्या संपादकीय कार्यालयामार्फत पाठवावा. मूळ कागद पाठवू नये, तो घरीच जपावा. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) केलेली, अजिबात न दाबलेली टिफ फाइल पुरे.

आपली,
इमेज प्रोसेसिंगची एक अध्यापिका, सांगली