तुझ्या पेपरांची यादी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस नुसती चिडचिड झाली. निवड समितीतल्या एकाने तुझ्या यादीवर बोट ठेवून "जर्नल पेपर एवढेच?" असं विचारावं आणि तू काही न बोलता उठून यावंस! शेवटी काल रात्री तुझं गूगल स्कॉलरचं पान उघडलं आणि एकेक नोंद तपासत बसले. पहाटे तीन वाजले.

तो प्रश्न आमच्या मेंदूविज्ञानाच्या सवयीतून आलाय. आमच्याकडे जे काही ते जर्नलमध्ये. परिषदेत आम्ही पोस्टर लावतो, सारांश छापतो, त्याला कुणी पेपर म्हणत नाही. तुमच्याकडे, संगणकशास्त्रात, मोठ्या परिषदेत अख्खा पेपर परीक्षक वाचतात आणि बहुतेक पेपर नाकारतात. हे समितीला कुणीतरी सांगायला हवं होतं. नावांच्या क्रमाचंही तेच. तीन पेपरांत तुझं नाव शेवटी आहे. आमच्या माणसाला वाटेल, प्रयोगशाळा याची. तुमच्यातल्या कुणाला वाटेल, याने सगळ्यात कमी काम केलंय.

जॅनेट सीगमुंड आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं काम आठव. १७ जणांना एफएमआरआय स्कॅनरमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या यंत्रात) झोपवून कोडचे छोटे तुकडे वाचायला दिले, तेव्हा स्मृती, अवधान आणि भाषेशी जोडलेले भाग कामाला लागलेले दिसले. प्रयोग मेंदूवरचा, पण छापला गेला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. पुढे २०२० मध्ये एमआयटीतल्या गटाने त्याच प्रश्नाला हात घातला आणि दाखवलं, की कोड समजून घेण्याचा मुख्य भार भाषेच्या भागांवर नसून कुठल्याही अवघड कामात जाग्या होणाऱ्या जाळ्यावर पडतो. तो पेपर मात्र 'ईलाइफ' या जर्नलमध्ये. समितीच्या त्या सदस्याने पहिला बाजूला सारला असता आणि दुसरा मोजला असता. तुझे निम्मे पेपर तर असेच मधल्या वाटेवरचे आहेत!

आता समितीने मोजलेल्या आकड्याचं. हर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचवला: किमान एच सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ, मिळालेले एच पेपर. हर्श भौतिकशास्त्रज्ञ, आणि वेगवेगळ्या क्षेत्रांत सायटेशनचा वेग वेगळा असतो हे त्यांनीच त्या लेखात लिहिलंय. तुझा आकडा १२. पहिल्या बाराही पेपरांना १३ च्या वर सायटेशन आहेत. तेराव्याची मात्र दोन नोंदी पडून फाळणी झालीय, प्रीप्रिंटला (छापण्याआधी नेटवर टाकलेल्या मसुद्याला) ७ आणि छापील पेपरला ९. दोन्हींची सायटेशन मी एकेक करून ताडून पाहिली, एकही सामाईक नाही. नोंदी जोडल्या की तुझा एच-इंडेक्स १३. एका क्लिकने! ज्या आकड्यावर तुला तोललं, तो इतका तकलादू आहे. आणि हो, यकृताच्या आजारावरचा एक पेपर तुझ्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा आहे. तो आजच काढून टाक. समितीच्या नजरेत तो आला तर बाकी खऱ्या नोंदींवरही संशय येईल.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते तुझ्या टूलचं. स्कॅनमधल्या हालचालीचे दोष पकडणारं ते टूल आमच्याच प्रयोगशाळेत रोज चालतं. काल आमचे तीन पेपर काढून पाहिले. तिन्हींच्या कार्यपद्धतीत टूलचं नाव आहे, संदर्भसूचीत एकातही नाही. म्हणजे सायटेशन शून्य. मीही त्या पेपरांची लेखिका आहे, आणि याची मला खरंच लाज वाटते. सॉफ्टवेअरचं मोल आम्हाला कळायला हवं होतं. २०१६ मध्ये एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की एफएमआरआयच्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमधल्या काही गणिती पद्धती खोटे निष्कर्ष फार मोठ्या प्रमाणात देतात. त्यातल्या एकात तर १५ वर्षांचा बग निघाला. टूल नीट लिहिणाऱ्या माणसावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे रे.

तेव्हा गिटहबवर, जिथे टूलचा कोड आहे तिथे, टूलसोबत 'सायटेशन' फाइल ठेव, झेनोडो या संशोधन साठवणाऱ्या साइटवरून डीओआय (संदर्भासाठीचा कायमचा क्रमांक) घे आणि 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'ला छोटा पेपर पाठव. आमच्या पुढच्या पेपरात संदर्भ मी स्वतः घालते.

समितीसाठी एक पानी टिपण लिहायला घेतलंय, मेंदूवाल्यांना कळेल अशा भाषेत: कुठली परिषद काय दर्जाची, कुठल्या पेपरात तुझा वाटा काय. वाट्याचं तूच सांगायला हवंस. रविवारी सकाळी फोन कर, यादी समोर ठेवून बसू.

तुझी,
जुनी लॅबमैत्रीण