नोंदवही आहे, पण कळवायचे कोणाला?

गुंगीच्या गोळ्यांच्या गैरवापराविषयीच्या आपल्या वृत्तात सारा दोष औषध दुकानदारांवर टाकला आहे, तो एकांगी वाटतो. चिंतेवरील अल्प्राझोलम, वेदनेवरील ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे ‘शेड्यूल एच१’ या विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत असल्याने डॉक्टर व रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही ३ वर्षे जपावी लागते, त्यामुळे एकाच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निरनिराळ्या नावांनी तीच गोळी महिनोन्महिने जात असेल, तर ते सर्वांत आधी फार्मासिस्टच्या लक्षात येते. पण सोलापुरात अनेक दुकाने दवाखान्याला लागूनच आहेत, आणि तक्रार केली तर उद्यापासून चिठ्ठ्या बंद होतील ही भीती मी स्वतः अनुभवली आहे. अन्न व औषध प्रशासनाने नाव गुप्त ठेवून अशी माहिती स्वीकारावी व शहानिशा करून ती डॉक्टरांची नोंदणी व शिस्त पाहणाऱ्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पाठवावी. कर्करुग्णांची वेदनाशामके त्यात अडकणार नाहीत, एवढी काळजी मात्र घ्यावी.

— एक फार्मासिस्ट, सोलापूर