मेजर परमेश्वरन यांची आठवण

महोदय,

२५ नोव्हेंबर जवळ आला की २६/११च्या स्मृतींनी वर्तमानपत्रे भरून जातात, आणि ते योग्यच आहे; मात्र मुंबईतच जन्मलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव त्या गर्दीत क्वचितच दिसते. १९८७ साली याच तारखेला श्रीलंकेत शोधमोहीम आटोपून रात्री उशिरा परतणाऱ्या त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या दहशतवाद्यांनी गोळीबार केला. अशा वेळी जागेवरच आडोसा घेऊन उत्तर देण्याचा मोह स्वाभाविक असतो, परंतु महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनच्या या अधिकाऱ्याने शांत डोक्याने शत्रूला पाठीमागून वेढा घातला आणि त्याला बेसावध गाठले. हातघाईच्या लढाईत छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत जवानांना आदेश दिले. पाच दहशतवादी मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती आले.

त्यांच्या शौर्याइतकेच त्यांचे प्रसंगावधानही मला मोलाचे वाटते. श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेच्या या मोहिमेविषयी राजकीय मतभेद आजही आहेत. पण त्यापायी तिच्यातील या एकमेव परमवीर चक्र विजेत्याची उपेक्षा होऊ नये. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव मिळाले. मुंबईतील शाळांनी निदान २५ नोव्हेंबरच्या परिपाठात त्यांची हकिगत सांगावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, मुंबई