मँडरिनच्या पोटाकडे बघायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

हे पत्र तुम्हाला एकट्यालाच पाठवता आलं असतं. पण खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ठेवणाऱ्या आणखी चार जणांनी वाचावं, म्हणून उघड लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी मँडरिन मासा आणला. दुकानात सांगितलं होतं, 'काहीही खातो.' माझी टाकी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती. पंधरा दिवसांनी मी तुम्हाला त्याचा फोटो पाठवला, त्या निळ्या-केशरी नक्षीचं कौतुक व्हावं म्हणून. तुमचा लगेच फोन आला. "रंग राहू दे. वरून पोट दिसेल असा फोटो काढ."

वरून पाहिलं आणि चर्र झालं. डोक्यामागे दोन्ही बाजूंनी खड्डे पडले होते. रंग मात्र पहिल्या दिवसासारखाच! बहुतेक माशांचा निळा हा प्रकाशाचा खेळ असतो, याच्या कातडीत खरंच निळं रंगद्रव्य असतं, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत. त्या रंगावर विसंबून मी पंधरा दिवस निर्धास्त होते आणि तो उपाशी होता.

त्याच संध्याकाळी भर पावसात तुम्ही चिंचवडहून कोथरूडला आलात. टाकीचे दिवे बंद करायला लावलेत, तासभर थांबलात, मग काचेवर टॉर्च मारलात. काच स्वच्छ. "माझ्याकडे या वेळी काचेवर पांढरे ठिपके पळत असतात," तुम्ही म्हणालात. ते ठिपके म्हणजे कोपेपॉड, पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव, मँडरिनचं जेवण. हा मासा जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांत दिवसभर एकेक कोपेपॉड टिपत फिरतो. सकाळ-संध्याकाळ ताट वाढून त्याचं भागत नाही. माझ्या नव्या टाकीतले होते नव्हते ते त्याने केव्हाच संपवले होते.

दुसऱ्या कोणी मला बोल लावले असते. तुम्ही म्हणालात, "याला माहेरी पाठव." आणि डब्यात घालून त्याला तुमच्या सहा वर्षांच्या जुन्या टाकीत घेऊन गेलात. आठ महिने सांभाळलात. एक पैसा घेतला नाहीत.

त्या आठ महिन्यांत तुम्ही मला घाई करू दिली नाहीत. संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या छोट्या टाकीत, चीटो शेवाळाचा गुंता सोडायला लावलात आणि त्याचा दिवा रात्री चालू, दिवसा बंद ठेवायला सांगितलंत. त्या गुंत्यात कोपेपॉडना कोणी खात नाही, ते वाढतात आणि पंपाबरोबर थोडे थोडे वर येत राहतात. दोन लिटरच्या बाटलीत तुमच्याकडचं विरजण दिलंत, कोपेपॉडचं, आणि त्यांना रोज घालायला फायटोचं, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचं, हिरवं पाणी. मला सिक्स-लाइन रास हा मासा घ्यायचा होता, तर तुम्ही साफ नाही म्हणालात. तोही त्याच ताटातला वाटेकरी. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज तुमचंच बरोबर होतं असं मनापासून वाटतं.

पाडव्यानंतर तो परत आला तेव्हा पोट गोल, आणि अंगी एक नवी सवय. तुम्ही त्याला आडव्या ठेवलेल्या काचेच्या बरणीत जेवायला शिकवलं होतंत. आजही मी उलट्या बाटलीत आर्टेमिया या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची अंडी घालते, हवा सोडते, दुसऱ्या दिवशी केशरी पिल्लं गाळून घेते, पंप बंद करून बरणीत सोडते. बाकीचे मासे तोंडाशी घुटमळतात. तो मात्र पोटाखालच्या परांवर पावलं टाकल्यासारखा सावकाश आत जातो, थांबतो, डोळे फिरवतो आणि टिपतो. एक. मग पुन्हा एक. मी घड्याळ बघत नाही.

परवा रात्री टाकीचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च मारला. काचभर ठिपके! मी घरच्यांना झोपेतून उठवून दाखवले.

काका, तुमची ती दोन लिटरची बाटली अजून माझ्याकडेच आहे. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. रविवारी येते, माझ्या टाकीतल्या कोपेपॉडनी भरून घेऊन.

तुमची,
कोथरूडची मँडरिनवाली