फळ्यांची जमीन

चिऊ,

पोचून आज दहा दिवस झाले. माझा जेटलॅग गेला, आईचा नाही, ती रात्री तीनला उठून डबे घासून राहिली. बाजारात संत्री आलीत, अजून जरा आंबटच आहेत. फोनवर आपलं रोज बोलणं होतेच पण एक गोष्ट फोनवर सांगता येत नव्हती, कारण तू मधेच "बाबा, मी म्हटलं होतं ना" सुरू करते, म्हणून एका बोटानं टाईप करून राहिलो. चुका काढू नको.

अमेरिकेत युटातला तो डेड हॉर्स पॉइंट माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. इतके मैल गेलो, रस्त्यात एक घर नाही की चहाची टपरी नाही, आई सारखी म्हणे इथे गाडी बंद पडली तर कोणाला हाक मारायची. आणि मग एकदम कठडा अन् खाली २००० फुटांवर कोलोरॅडो नदी, पुढे जाऊन वळसा घेऊन परत आपल्याकडेच आलेली. तू फोटो काढत होती आणि मी दूरच्या त्या निळ्या तळ्यांकडे पाहत होतो, तू हसली पण खाणीतला माणूस तिकडेच पाहणार ना. ते पोटॅश आहे, खतात वापरतात तो क्षार. जमिनीत खोल मिठाचे थर आहेत, त्यात पाणी सोडून क्षार विरघळवायचे, वर आणायचे आणि तळ्यात वाळवायचे, पाण्यानं ऊन जास्त ओढावं म्हणून त्यात निळा रंग टाकतात. कोणी खाली न उतरता खाण चालते, आम्ही उगाच तीस वर्षं दिवा डोक्याला लावून फिरलो.

घोड्यांची ती गोष्ट मात्र आईला सांगायला नको होती. त्या कड्याच्या टोकाकडे जाणारी जमिनीची मान फक्त ९० फूट रुंद, तिथे कुंपण घालून रानटी घोडे कोंडायचे, आणि म्हणे एकदा काही घोडे तसेच राहिले, खाली नदी दिसत होती आणि तहानेनं मेले. आता दंतकथाच असेल ती. पण परवा आपल्या नागपुरात झिरो माइलच्या घोड्यांच्या पुतळ्यांवरून रिक्षा गेली तर आई म्हणे, आपले चार घोडे बरे, ट्रॅफिकमध्ये उभे आहेत पण धडधाकट दिसतात.

आता मुद्द्याचं. डेलिकेट आर्च, त्या दगडी कमानीच्या वाटेवर, तो मोठा उघडा खडक चढताना, मी खाली बसलो आणि म्हटलं तू हो पुढे, मला दगडाचे थर पाहायचेत. थर पाहत नव्हतो बाळा. दम लागला होता आणि पाय थरथरत होते. जाऊन येऊन जेमतेम पाच किलोमीटर, चढ ४८० फूट, कागदावर काहीच नाही, पण सावली औषधाला नाही आणि ऑक्टोबरातही ऊन डोक्यात जातं. तुला कळलं होतं बहुतेक, कारण तू काही न बोलता पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवून गेली. आणि शेवटी कड्याच्या अंगची ती अरुंद वाट आली तिथे तू हात पुढे केला तेव्हा मी वस्सकन ओरडलो, तीस वर्षं खाणीत गेलीत माझी, मला नको शिकवू. ते चुकलं माझं.

कमान मात्र, बापरे. शेवटच्या वळणापर्यंत दिसतच नाही आणि मग एकदम समोर, ५२ फूट उंच, एकटीच, मागे ला साल डोंगर. माझ्या मनात पहिले काय आलं माहिती आहे? याला ना टेकू ना रूफ बोल्ट, हे छत उभं कसं! आम्ही छत ठोकून पाहायचो, आवाज पोकळ आला की माणसं मागे घ्यायची. तू म्हणत होती वाऱ्यानं कोरली, तसं नाही. ज्या मिठाच्या थरांतून पोटॅश काढतात तेच मीठ याच्या मुळाशी आहे. वरच्या वजनानं मीठ सरकलं, वरचा वालुकाश्म उभा तडकला, तड्यांमधून पाणी शिरलं, गोठून फुगलं, एकेक कण सुटत गेला. लाखो वर्षांचं काम आहे. पडतातही पण कमानी. २००८ मध्ये तिथलीच वॉल आर्च एका रात्री कोसळली. लँडस्केप आर्चचा तर १९९१ मध्ये साठ फुटी तुकडा पडला आणि त्याआधी खाली बसलेल्या लोकांना कडकड ऐकू आली म्हणे. तेच, पडायच्या आधी छत बोलतं. ऐकून घ्यायचं असतं.

आई तेव्हा खाली त्या जुन्या लाकडी खोपटापाशी बसली होती, गुडघ्यामुळे. तिनं पाटी तीनदा वाचली आणि विमानात मला सगळं ऐकवलं. जॉन वेस्ली वुल्फ, युद्धात पाय अधू झालेला म्हातारा, १८९८ मध्ये ओहायोहून मोठ्या मुलाला घेऊन त्या ओसाडीत राहायला आला. १९०६ मध्ये मुलगी फ्लोरा नवऱ्या-पोरांसकट आली, बापाचं राहणं पाहून हादरली आणि मागेच लागली, नवीन घर बांधा, फळ्यांची जमीन करा. म्हाताऱ्यानं केली. आपण पाहिलं ते तेच घर. विमानात सगळे झोपले होते आणि आई मला म्हणे, त्यानं तरी ऐकलं मुलीचं.

तर सोमवारी मिस्त्री बोलावला. मोरीतली ती गुळगुळीत फरशी निघून राहिली, दाणेदार टाईल्स घेतल्या, आणि भिंतीला स्टीलचा दांडा, तू दोन वर्षं सांगत होती तसाच. आई म्हणते एक दांडा कमोडजवळ अन् एक नळाजवळ, मी म्हणतो एकच पुरे. उंची किती ठेवायची ते आज रात्री सांग, मिस्त्री सकाळी आठला येतो.

तुझे बाबा